वस्तू उगीच नसते

आमच्या आळीतले काकाजी नाटक बघत नाहीत. नाटकातलं सामान बघतात.

पडदा वर गेला, की बाकीचे लोक कामं कोणाची आहेत ते पाहतात, बायका नायिकेची साडी पाहतात आणि काकाजी रंगमंचावरच्या वस्तूंचा पंचनामा करतात. एक पलंग. एक तांब्या, त्यावर फुलपात्र उपडं. भिंतीवर तसबीर, तसबिरीला हार, हार सुकलेला. "सुकलेला आहे," म्हणत त्यांचं कोपर माझ्या बरगडीत उतरतं. मग ते कानाशी येतात आणि पाचव्या रांगेतल्या माणसालाही नीट ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणतात, "वस्तू उगीच नसते. पाहून ठेव."

अजून एकही पात्र एक शब्द बोललेलं नसतं.

काकाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. तसे ते आळीतल्या बहुतेकांचे सख्खे काका नाहीत. पण वऱ्हाडात डोक्यावर पांढरे केस आणि खांद्याला शबनम आली, की माणूस आपोआप काकाजी होतो. त्यांच्याहून वयानं मोठा असलेला दूधवालाही त्यांना काकाजीच म्हणतो. शबनममध्ये चष्म्याची डबी, लवंगांची पुडी, शिसपेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. नाटकगृहाच्या अंधारात ते या कागदांवर न बघता लिहितात. त्यामुळे एका ओळीवर दुसरी चढते. दुसऱ्या दिवशी आपलंच अक्षर आपल्याला लागेना झालं, की तेही त्यांना सूचक वाटतं.

बसायची जागा ठरलेली. तिसरी रांग, डावं टोक. तिथून अर्धा रंगमंच दिसत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "पण विंग दिसते ना," ते म्हणाले. "वस्तू कोण आणून ठेवतो आणि कोण उचलून नेतो, हे आधी कळलं पाहिजे. संवाद काय, पुस्तकातही छापलेले असतात."

वाशिमला नाटक येतं तेव्हा येतं. एरवी नाटकाकडे आपणच जायचं असतं, म्हणजे अकोल्याला. मालेगाव, मेडशी, पातूर करत एसटीनं. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत काकाजींचा मुक्काम जवळपास त्या रस्त्यावरच असतो. या प्रवासाचं त्यांना दुःख नाही, अपमान मात्र वाटतो. कारण त्यांच्या मते नाटकं अकोल्याहून वाशिमला यायला हवीत. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्यावधूचं लग्न लावून दिलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, आणि वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांची राजधानी, म्हणजेच आपलं वाशिम. हे ते एसटीच्या कंडक्टरलाही सांगतात. घरी ही गोष्ट निघाली, की काकू चुलीकडून एवढंच विचारतात, "आन लग्नात जेवाले काय होतं?"

काकाजींना ऐतिहासिक नाटकात रस नाही. तिथं तलवार म्हणजे तलवार. पौराणिकात तर प्रत्येक वस्तूचा अर्थ पुराणातच लावून ठेवलेला. आपल्याला काही कामच उरत नाही. त्यांचा जीव घरगुती नाटकावर. एक म्हातारा बाप, दोन भाऊ, दोन सुना, एखादी बिनलग्नाची बहीण, मधोमध माजघर. "घरच्या माणसांपुढं माणूस खरं बोलत नाही," ते म्हणतात. "थोरला भाऊ म्हणतो, माझं काही नाही, सगळं तुमचंच आहे. म्हणू दे. किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, तेवढं पाहायचं." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलंय, की माझी बायकोही आता दुसऱ्यांच्या घरी गेली की आधी किल्ल्या पाहते. आणि खरं सांगायचं तर, ते चुकत नाही.

त्यांचं दैवत महेश एलकुंचवार. त्याला कारणं दोन. एक, 'वाडा चिरेबंदी'. दुसरं, एलकुंचवारांचा जन्म पारव्याचा, यवतमाळ जिल्ह्यातला. म्हणजे आपल्या बांधाला बांध. नागपुरात सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून हा माणूस तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो, मी हरलो'च्या प्रयोगाला जाऊन बसला आणि पुढे नाटककार झाला, ही हकिकत काकाजी इतक्या मायेनं सांगतात, की जणू तिकीट संपवणारे तेच. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून हळहळणाऱ्या कुठल्याही पोराच्या पाठीवर ते थाप मारतात. "चांगलं लक्षण आहे," म्हणतात.

'वाडा चिरेबंदी' १९८५ साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, तात्याजी नुकतेच गेलेले, तेरवी तोंडावर आलेली, मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेले, थोरला भास्कर घरचा कर्ता, आणि तेरवीला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न सगळ्यांच्या मधोमध बसलेला. काकाजींनी हे धरणगाव शोधायची मोहीम बरीच वर्षं चालवली. नाटककारानं गाव कल्पनेतलं घेतलं असेल, ही शक्यता त्यांना मान्य नव्हती. कारंज्यातल्या जुन्या वाड्यांत जाऊन ते चौकशी करत. चौकशीचा निकाल असा लागला, की ज्याच्या त्याच्या मते हे नाटक त्याच्याच वाड्यावर लिहिलेलं होतं. प्रत्येक घरात एक भास्कर होता. फक्त तो नेहमी दुसरा भाऊ असायचा.

या नाटकातल्या ट्रॅक्टरवर काकाजी बोलायला लागले, की समोरच्यानं घड्याळ काढून खिशात ठेवावं. दारात उभा, गंजलेला, कधीचा बंद पडलेला ट्रॅक्टर. जमीनदारी गेली, नवं यंत्र आणलं, यंत्र चालवायची ताकद नव्हती, आता तो ना विकवत ना दुरुस्त होत. अंधारात चंदूच्या पायाला त्याचंच लागतं आणि जखम चिघळत जाते. "घरासाठी राबणारा एकच मुलगा आणि घराच्या दिमाखाचं लोखंड नेमकं त्याच्याच पायात घुसतं," काकाजी सांगतात, तेव्हा त्यांचा आवाज खरोखर बसतो. आम्ही गप्प होतो. चुलीकडून काकूंचा आवाज येतो, "मिस्त्रीले बलावलं असतं तं?"

"अवो, तो ट्रॅक्टर नाही ना!"

"मंग काय बंडी हाये?"

काकूंना नाटकातलं कळत नाही, असा काकाजींचा समज आहे. तो समज सोन्यापाशी येऊन मोडतो. घरचे सगळे दागिने भास्करची बायको, म्हणजे वहिनी, एका रात्री अंगावर चढवते, तो प्रसंग काकाजी 'ऱ्हासाचं वैभव' या मथळ्याखाली समजावतात. मथळा शाळेतल्या सवयीतून आलेला. सरंजामी मूल्यं, मृत परंपरेचा भार, असं बरंच काही त्यात येतं. हे सगळं काकूंनी एकदा भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाल्या, "तिनं रातीच कायले घातलं, ते सांगा ना. दिवसा तिले कोन घालू देते? सोनं घरचं, मान घरचा, तिचं तं काईच नाई. एक रात तरी आपल्या आंगाले लागू द्या म्हणलं तिनं."

काकाजींनी शबनममधून पाठकोरा कागद काढला. लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात तेच त्यांनी एका महाविद्यालयात व्याख्यानात सांगितलं, 'एका जाणकारांच्या मते' म्हणून. जाणकारांना घरी येऊन ही बातमी दिली, तेव्हा जाणकार तुरीची डाळ पाखडत होत्या.

मला स्वतःला या दोघांत काकूंचंच खरं वाटतं. सोनं तेच असतं. वहिनी ते रात्री घालून बघते, तिची मुलगी रंजू ते घेऊन मास्तरासोबत पळून जाते. सोन्याचा अर्थ काय, हे विचारून काही हाती लागत नाही. कोण त्याला कसा हात लावतं, त्यातून माणूस कळतो. पण हे मी काकाजींना सांगितलं, तर ते त्याचाही मथळा करतील.

१९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही एलकुंचवारांची तिन्ही नाटकं एका दमात केली. सगळा दिवस खाणारा प्रयोग. तो मुंबईचा मामला; काकाजींना जाता आलं नाही. त्याची भरपाई म्हणून त्यांनी पुढे तिन्ही नाटकांचं वाचन आपल्या ओसरीवर केलं. एकट्यानं. सगळी पात्रं स्वतः. सकाळी श्रोते बरे होते: निवृत्त तलाठी, कृषी केंद्रवाला, मी, दोन भाचे आणि चहा पाजतील या आशेनं बसलेला पोस्टमन. तलाठी 'वाडा' संपायच्या आत वाड्याच्या सातबाऱ्यावर शंका काढून निघून गेले. 'मग्न तळ्याकाठी'पर्यंत भाचे पोहायला गेले. 'युगान्त'मधला दुष्काळ येईपर्यंत ओसरीवर मी, काकाजी आणि खांबाला टेकून झोपलेला कृषी केंद्रवाला एवढेच उरलो. काकूंनी तीनदा चहा केला, एकदा गोळाभात वाढला. शेवटी काकाजींनी पुस्तक मिटलं आणि रिकाम्या सतरंजीकडे हात करून म्हणाले, "पाहिलंस? सगळे निघून गेले. हेच तर नाटक आहे."

त्यांची दुसरी आवडती गोष्ट 'गिधाडे'तल्या डागाची. तेंडुलकरांचं हे नाटक १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी केलं. एकमेकांचे लचके तोडणारं घर. त्यात माणिकच्या पातळावर मागे रक्ताचा डाग दिसतो आणि भावांनी बहिणीचं काय केलं ते शब्दावाचून कळतं. सेन्सॉरनं लाल डागाला हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं, की हा निळा डाग तुम्ही लाल समजा. "शंभर संवाद कापले असते तरी नाटकाचं एवढं बिघडलं नसतं," काकाजी म्हणतात. "त्यांना भीती कशाची वाटली? डागाची! वस्तूची ताकद सरकारला कळली, आपल्या समीक्षकांना नाही."

गोष्ट उत्तम आहे. अडचण एवढीच, की ती सांगायला त्यांना कोणताही डाग चालतो. भाचीच्या लग्नात नव्या जावयाच्या पांढऱ्या सदऱ्यावर वांग्याच्या भाजीची तर्री सांडली. जावई कावराबावरा. सासूबाई ओला रुमाल घेऊन धावल्या. काकाजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि पंगतीला जाहीर केलं, "मंडळी, हा डाग निळा समजा." मग माणिकची गोष्ट, पहिल्यापासून. नव्या जावयाला सासरच्या मंडळीबद्दल पहिली माहिती मिळाली ती ही, की यांच्यात भाऊ बहिणीचे लचके तोडतात.

'एकच प्याला' त्यांना फार सोपं वाटतं. वस्तू नावातच सांगून टाकली, मग शोधायचं काय? तरी बालगंधर्वांनी सिंधूसाठी ठिगळाचं लुगडं नेसलं, याबद्दल ते गडकऱ्यांचे सगळे अनुप्रास माफ करतात.

परदेशी नाटकंही त्यांनी वाचली आहेत आणि त्याचा त्रास आळीला जास्त होतो. चेकॉव्ह म्हणे सांगून गेला, की पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली असेल तर ती पुढे सुटलीच पाहिजे. आमच्या आळीतल्या एका शेतकऱ्याकडे रोही आणि रानडुकरं हाकलायला परवान्याची बंदूक आहे. बैठकीत भिंतीवर टांगलेली असते. काकाजी त्याच्याकडे चहाला जातात, पण बंदुकीकडे पाठ करून कधी बसत नाहीत. "किती वर्षं झाली टांगून?" असं मात्र दर वेळी विचारतात. आणि इब्सेनच्या नोरानं १८७९ साली नवऱ्याच्या घराचं दार ओढून घेतलं त्याचा आवाज अख्ख्या युरोपात ऐकू गेला, हे वाचल्यापासून आळीत कुठंही दार आपटलं की ते ओसरीवर येऊन उभे राहतात. बहुतेक वेळा वारा असतो. एकदा नव्हता; शेजारची सून खरंच माहेरी निघाली होती. त्या एका यशावर त्यांनी पुढची दहा वर्षं काढली.

नाटकवाल्या पोरांना मात्र काकाजी हवे असतात. इतकं मन लावून पाहणारा माणूस दुसरा मिळत नाही. मागे आमच्याकडच्या हौशी मंडळानं स्पर्धेला एक घरगुती नाटक बसवलं. बाप मेलाय, मुलं वाटणीला बसली आहेत, असं. भिंतीवर घड्याळ होतं आणि ते सव्वाचारला थांबलेलं. काकाजींना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी दिग्दर्शकाच्या कृषी केंद्रावर हजर. हा तोच, ओसरीवर खांबाला टेकून झोपणारा. युरियाच्या पोत्यावर बसून काकाजींनी त्याला समजावलं: बाप गेला त्या क्षणी घरातला काळ थांबला. मुलं वाढली नाहीत, नुसती वयानं मोठी झाली. घड्याळाकडे एकही पात्र बघत नाही, कारण थांबलेल्या काळात राहणाऱ्याला काळ थांबल्याचं कळत नाही. काय नजर आहे बेटा तुझी! दिग्दर्शक हात जोडून ऐकत होता. त्याला त्या क्षणापर्यंत घड्याळ बंद होतं हेही माहीत नव्हतं. सेल संपला होता.

पुढच्या प्रयोगाला घड्याळ मधोमध आलं. आधीच्या दुप्पट मोठं. त्यावर पिवळा झोत. थोरल्या मुलानं ते तीनदा पुसलं, दोनदा त्याच्याकडे पाहून उसासा टाकला आणि धाकटीनं तर त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. काकाजी दुसऱ्या अंकात झोपले. परतीच्या बसमध्ये पातूर येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या वेळी ते बंद पडलं होतं. या वेळी बंद पाडलं होतं."

नाट्यशास्त्रावरची व्याख्यानं मी थोडीबहुत ऐकली आहेत. इतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

आता बंगईचं सांगायला हवं. खरं म्हणजे ते सांगू नये, पण आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

काकाजींचा वाडा त्यांच्या आजोबांचा. १९९८ साली अकोल्यापासून वाशिम जिल्हा वेगळा निघाला आणि त्याच्या मागोमाग काकाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे निघाले. धाकट्यांना आळीत लहाने काकाजी म्हणतात. भांडण असं मोठं नव्हतं. दोन घरांत होतं तेवढंच. कोणाच्या पोरांची फी कोणी भरली, आईच्या आजारपणात कोण जागलं. पंच बसले, यादी झाली, चुन्यानं रेघ मारली. रेघ ओसरीतून गेली आणि बंगईवर येऊन अडली.

वडिलांची बंगई. सागवानी पाट, पितळी साखळ्या, वर आढ्याला लोखंडी कड्या. वडील दुपारी तिच्यावर निजत, दोघा भावांचे पाळणे संपल्यावर दोघं तिच्यावरच वाढले. रेघेप्रमाणे आढं लहान्यांकडे गेलं, म्हणजे कड्या त्यांच्या, साखळ्याही त्यांच्या. काकाजी पाटासाठी उभे राहिले. तो पाट आपल्याकडे का यावा, हे त्यांनी पंचांना समजावून सांगितलं. कुटुंबाचं आसन, वडिलांचा अधिकार, पुढे-मागे होत राहणारा पिढ्यांचा काळ. पंचांतले एक जण डोळे पुसताना दिसले, असं म्हणतात, तंबाखूही असेल. व्याख्यान रंगात आलं तोवर लहान्यांकडच्या मंडळींनी तांब्याचा मोठा गुंड, घंगाळ आणि दोन पराती यादीत आपल्या बाजूला लिहवून घेतल्या. रात्री काकूंनी हिशेब सांगितला, "तुमी प्रतीक घेतलं. त्याईनं तांबं घेतलं."

तेव्हापासून पाट काकाजींच्या माजघरात कोठीमागे उभा आहे. उन्हाळ्यात काकू त्यावर कुरडया वाळवतात. भिंतीपलीकडे आढ्याला साखळ्या लोंबतात. लहान्यांची नातवंडं त्यांवर टॉवेल टाकतात. पाटाशिवाय साखळ्या आणि साखळ्यांशिवाय पाट, मध्ये एक विटेची भिंत. एखाद्या नाटककारानं असं लिहिलं असतं, तर काकाजींनी त्याला दोन तास डोक्यावर घेतलं असतं, किंवा 'फार ढोबळ' म्हणून उडवून लावलं असतं. पण दुसऱ्याच्या तांब्यावर अर्धा तास बोलणारा हा माणूस त्या पाटावर कधी एक शब्द बोललेला नाही. एकदा मी सहज विषय काढला. "काकाजी, हा पाट..."

"पाट आहे," ते म्हणाले. आणि लवंग शोधू लागले.

गेल्या हिवाळ्यात कृषी केंद्रवाल्यानं पुन्हा घरगुती नाटक घेतलं. त्यात बंगई लागत होती. सुतार करून देईना, भाड्यानं मिळेना. कुणीतरी त्याला सांगितलं, की गावात एक आहे, पण दोन दारांत आहे. तो आधी भिंतीच्या त्या बाजूला गेला. लहाने काकाजी म्हणाले, "मोठे पाट देत असतील तं साखळ्या घेऊन जा." मग तो या बाजूला आला. काकाजी म्हणाले, "त्यानं साखळ्या दिल्या का?" पोरगं तीनदा इकडून तिकडे फिरलं. दोघांत अंतर हाकेचंही नव्हतं, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं बोलणं भिंतीतून ऐकू जात होतं. चौथ्या फेरीला काकूच आतून ओरडल्या, "घेऊन जा बावा पाट! माह्या कुरडया आता गच्चीवर घालते मी!"

प्रयोग वाशिमलाच होता. काकाजी तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला. लहाने काकाजी चार रांगा मागे, उजवीकडे. नाटक पाहायला ते आयुष्यात पहिल्यांदा आलेले दिसत होते, कारण तिकीट हातात धरूनच बसले होते. पडदा वर गेला. मधोमध बंगई. घासून पुसून लख्ख केलेल्या साखळ्या, तेल प्यायलेला पाट. मी सवयीनं बरगडी आवरून घेतली. कोपर आलं नाही. शबनममधून कागदही निघाला नाही.

पहिल्या अंकात म्हातारा बाप बंगईवर बसला आणि बंगई करकरली. तो बोलू लागला, तशी ती जास्त करकरली. दुसऱ्या अंकात थोरली सून तिच्यावर बसून रडली, त्यातलं रडणं कुणाला ऐकू आलं नाही, करकर शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. बापाच्या मरणाच्या प्रसंगात तर प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, "पहिले तिले मारा." एवढं होऊनही काकाजी समोर बघत राहिले.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक विंगेतून धावतच आला. घाम, पावडर, डोळ्यांत पाणी. "काकाजी, बंगईचं प्रतीक पोचलं का?"

काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "कड्यांत तेल टाकायला पाहिजे होतं रे."

"एरंडीचं," मागून आवाज आला. लहाने काकाजी येऊन उभे होते.

"जवसाचं," काकाजी मागे न वळता म्हणाले. "बाबा जवसाचंच टाकायचे."

"एरंडीचं टाकत. मी धरायचो वाटी."

"वाटी मी धरायचो. तू पाटावर बसून रडायचा."

"जवसाचं तेल चिकटते. कडी जाम होते. बाबा काही एवढे बिनडोक होते?"

"बाबांना तू सांगणार का?"

प्रेक्षक निघून गेले, पोरांनी सेट उतरवला, झाडणाऱ्यानं दोनदा येऊन दिवे बंद करायची धमकी दिली. वाद एरंडीवरून जवसावर, जवसावरून वडिलांच्या छत्रीवर आणि छत्रीवरून १९७२ च्या दुष्काळात विकलेल्या बैलजोडीवर गेला. बाहेर टेंपोवाला खोळंबला होता. त्यानं काकूंना विचारलं, की पाट कोणत्या दारात उतरवू, साखळ्या कोणत्या दारात उतरवू आणि भाडं कोणाकडून घेऊ.

"थांब जरासा," काकू म्हणाल्या. "त्याईचं तेलाचं ठरू दे पहिले."